अण्णांचा रेडिओ, नोंद तिसरी: स्टेशन लागलं की घूं

मागच्या नोंदीत 'आता फक्त डबा बंद करायचा' असं लिहून बसलो होतो. डबा उघडाच आहे.

नव्यांसाठी: अण्णांचा चार सेलचा मीडियम वेव्ह रेडिओ स्विचिंग अ‍ॅडॅप्टरवर लावला की अस्मिता वाहिनीपेक्षा खरखरच जास्त. म्हणून साधा सप्लाय. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या १एन४००७ च्या चार डायोडचा ब्रिज, कपॅसिटर आणि सहा व्होल्टचा रेग्युलेटर ७८०६.

पण त्यावर रेडिओ घूं करत घुमतो. संशय आधी कपॅसिटरवर. ९ व्होल्टचं शिखर १२.७, ब्रिजमध्ये १.४ गेले, उरले ११.३. आवाज वाढवला की रेडिओ १५० मिलिअँपियर ओढतो, तेव्हा ४७० मायक्रोफॅरडवर व्होल्टेज दर झोक्याला तीनेक व्होल्ट खाली येतं, म्हणजे ८ च्या काठावर. ७८०६ ला तेवढे लागतातच. २२०० लावला, झोका पाऊण व्होल्टवर आला. घूं जशीच्या तशी!

दोन रात्री डोकं खाल्ल्यावर लक्षात आलं की दोन स्टेशनांच्या मध्ये रेडिओ गप्प असतो. स्टेशन धरलं की घूं. सेलवर अजिबात नाही. फिल्टर कमी पडत असता तर सगळीकडेच घुमलं असतं.

चोर डायोड निघाले. ५० हर्ट्झची दोन्ही अर्धी वापरताना ब्रिज सेकंदाला १०० वेळा उघडतो-मिटतो. घरच्या वायरिंगवर आलेली रेडिओलहर त्यातून जाताना ती उघडझाप अंगाला लावून घेते, आणि रेडिओ बिचारा इमानदारीत दोन्ही ऐकवतो. उपाय जुनाच: प्रत्येक डायोडला समांतर दहा नॅनोफॅरडचा सिरॅमिक. डायोड मिटला तरी लहरीला वाट मोकळीच.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. 'दहा नॅनो' म्हटल्यावर काउंटरवरचा पोरगा बघतच राहिला. "१०३ बोला ना, काका!" बरोबर, १० आणि पुढे तीन शून्यं, पिकोफॅरडमध्ये. चार हवे होते, दहा घेतले. आमच्या खोलीत पलंगाखाली गेलेला सिरॅमिक परत मिळत नाही.

तिसऱ्याचा सोल्डरचा डाग कच्चा बसला, राखाडी आणि दाणेदार. पुन्हा तापवला तेव्हा चकाकला. चालू केलं, स्टेशन धरलं. बातम्या, नुसत्या बातम्या.

फ्यूज आणि डब्याचं अर्थिंग बाकी आहे. अण्णांनी पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "लाइट गेल्यावर?"

म्हणजे सेल आतच ठेवायचे. अजून एक डायोड.