जुनी काच, कोवळे ऊन

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. नोकरीत असेपर्यंत बुधवार माझ्या हातात नसे आणि रविवार घरच्या राहिलेल्या कामांत सरून जाई, त्यामुळे निवृत्तीने मला काय दिले असे कोणी विचारले तर मी आधी बुधवारची सकाळ असेच उत्तर देते. रविवारी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. बुधवारी मात्र विक्रेत्यांना बोलायला सवड असते, माल अजून मांडला जात असतो आणि ऊन तिरपे असल्यामुळे ताडपत्रीवरच्या प्रत्येक वस्तूची सावली स्पष्ट दिसते. गळ्यात कॅमेरा आणि खांद्याला कापडी पिशवी एवढ्या तयारीनिशी मी तिथे पोहोचते.

पाने, पकडी, वाईस, पितळी कुलपे, अडकित्ते, शिलाई मशीनचे सुटे भाग, नाणी, गाण्यांच्या तबकड्या, बंद पडलेली घड्याळे असे सगळे तिथे शेजारी शेजारी पडलेले असते. घरात वापरात येईल तेवढेच विकत घ्यायचे आणि बाकीचे फोटोत घ्यायचे, असा नियम मी पहिल्यापासून ठरवून घेतला आहे, आणि तो पाळण्यात मला खरोखर आनंद वाटतो. रंध्याच्या मुठीवर सुताराच्या तळव्याने पाडलेला खळगा किंवा अडकित्त्याच्या दांड्यावरची बोटांनी झिजवलेली नक्षी यांचा फोटो मिळाला की ती वस्तू घरी आणली नाही याची रुखरुख राहत नाही. अशा वस्तूंकडे पाहायला मी शिकले ती राजा दिनकर केळकर संग्रहालयात. डॉ. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गावोगावी हिंडून जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले. तिथल्या काचेमागचा अडकित्ता नीट पाहिलेल्या माणसाला बाजारातला अडकित्ता नुसते भंगार वाटणे शक्य नाही.

माझी सर्वांत आवडती खरेदी म्हणजे एक जुनी लेन्स. भारताचा सोव्हिएत संघाशी रुपयात व्यापार चालत असे, त्या काळात झेनिट कॅमेरे आपल्याकडे बऱ्याच हौशी लोकांच्या हाती आले आणि त्यांच्याबरोबर हेलिओस 44-2 ही लेन्सही आली. 58 मिलिमीटर, एफ 2, पुढच्या कड्यावर बारीक अक्षरांत कोरलेली माहिती आणि हातात घेतल्यावर जाणवणारे धातूचे वजन. विक्रेत्याने ती फडक्याने पुसून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, ‘बघा मावशी, काच एकदम कडक आहे.’ मी म्हटले, ‘दादा, जरा उन्हात घेऊन बघते.’ जुनी लेन्स तपासण्याची एक रीत असते आणि त्या तपासण्यातही गोडी असते. आधी ती आकाशाकडे धरून आरपार पाहायचे, मग मागून मोबाइलचा टॉर्च लावून आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू आहेत का ते पाहायचे. बारीक धूळ असेल तर काही बिघडत नाही, पण बुरशी असेल तर ती काचेवरचा लेप खाते आणि मग कितीही स्वच्छ केले तरी डाग राहतो. त्यानंतर अ‍ॅपर्चरची आत येणारा प्रकाश कमी-जास्त करणारी पाती उघडून मिटून त्यांवर तेल उतरले आहे का ते पाहायचे आणि शेवटी फोकसचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे अडखळते का ते बोटांना विचारायचे. या लेन्सचे कडे थोडे जड होते, बाकी सगळे ठीक होते. भावाची घासाघीस दोन वाक्यांत आटोपली, कारण मला ती हवी होती आणि त्याला ते दिसत होते.

हेलिओसची मागची आट्यांची बाजू 42 मिलिमीटर व्यासाची असते, आणि त्या मापाचे अ‍ॅडॅप्टर आजच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठी सहज मिळतात. ऑटोफोकस नाही, अ‍ॅपर्चरही हाताने फिरवायचे, म्हणून प्रत्येक फोटोआधी थांबावे लागते, आणि हे थांबणे मला फार प्रिय आहे. एफ 2 वर, म्हणजे पाती पूर्ण उघडी ठेवून झाडाच्या पानांपुढे उभ्या माणसाचा फोटो काढला की मागची पाने गोल फिरल्यासारखी दिसतात. नव्या लेन्सच्या हिशेबात हा दोष आहे. मी मात्र याच भोवऱ्यासाठी तिला पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यावर चढवते.

बाजारात एका कोपऱ्यात जुने फोटोही विकायला असतात. वाडे पडतात, घरे रिकामी होतात, कपाटातल्या अल्बमची रद्दी होते आणि कोणाच्या तरी आजी-आजोबांचे फोटो पुठ्ठ्याच्या खोक्यात येऊन पडतात. त्या खोक्यासमोर मी सर्वांत जास्त वेळ बसते. मिळालेल्या फोटोंपैकी एकात एक तरुण जोडपे स्टुडिओच्या रंगवलेल्या पडद्यापुढे उभे आहे. पडद्यावर कठडा आणि कुंड्या आहेत, पुढे नवी कोरी सायकल आहे, बाईंनी नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आहे आणि त्या गृहस्थांनी मनगट असे वळवले आहे की घड्याळ नेमके कॅमेऱ्याकडे यावे. मागे जांभळ्या शाईचा शिक्का आहे, त्यातले ‘पेठ, सातारा’ एवढेच वाचता येते. हौस, ऐपत, संकोच हे सगळे त्या तळहाताएवढ्या कागदावर आहे. असे फोटो मी जपून ठेवते, पण त्यातले चेहरे कुठेही टाकत नाही. त्या लोकांनी ते आपल्या घरासाठी काढून घेतले होते आणि तो मान राखला गेलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

याच खोक्यात कधी निगेटिव्हचे पाकीट मिळते आणि त्या दिवशी मी बाकी काहीही न पाहता घरी येते. फिल्मच्या काळात आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेला कॅमेरा म्हणजे बडोद्यात तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री. त्यात 120 नंबरचा रोल घालत आणि एका रोलवर 12 चौकोनी फोटो निघत. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू ही कृष्णधवल फिल्मही तेव्हा खूप वापरात होती. क्लिक थ्रीचे निगेटिव्ह सुमारे 6 सेंटिमीटर चौरस असल्यामुळे त्यात अपेक्षेपेक्षा पुष्कळ तपशील असतो, आणि घरच्या अल्बममधल्या चिमुकल्या, निगेटिव्हच्याच आकाराच्या कॉन्टॅक्ट प्रिंटवरून त्याची कल्पनाही येत नाही. निगेटिव्ह कडेने धरायचे, फडक्याने कधीही पुसायचे नाही, धूळ फक्त फुंकणीने उडवायची. चकचकीत बाजू पाठीची असते आणि मंद बाजूवर चित्राचा थर असतो, तो बोटाच्या घामानेही खराब होतो. मी दुधी अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याखाली पांढरा प्रकाश देते, वर निगेटिव्ह ठेवते, कॅमेरा स्टँडवर उलटा बांधून बरोबर वरून फोटो घेते आणि संगणकावर काळ्याचे पांढरे करते. पडद्यावर करड्या धुक्यातून अंगणातले तुळशीवृंदावन, दोरीवर वाळणारी धोतरे आणि उन्हाने डोळे बारीक केलेली मुले उमटू लागली की मी जेवणाची वेळही विसरते.

बाजारातून परतताना सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीला वळसा घालायचा हा माझा ठरलेला रस्ता आहे. 1754 मध्ये सुरू होऊन 1770 मध्ये पूर्ण झालेल्या या काळ्या दगडाच्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर इंग्रज शिपाई गेंड्याला साखळदंडाने बांधत असल्याचे शिल्प आहे. पुण्यातल्या देवळावर गेंडा कशासाठी, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी नव्याने पडतो. दगड काळा असल्यामुळे ढगाळ दिवशी शिल्प सपाट दिसते आणि ऊन बाजूने आले की त्याच गेंड्याच्या अंगावरच्या घड्या मोजता येतात. हेलिओस अर्ध्या मीटरपर्यंत जवळ जाऊ देते, म्हणून साखळीच्या कड्यांसाठी मी तीच वापरते.

भांड्यांच्या बाबतीत मी फार हावरी नाही. जाड पितळेचे पातेले मिळाले तर घेते, ते तांबट आळीत ठोकून सरळ करून घेते आणि आतून कल्हई केल्याशिवाय त्यात आंबट पदार्थ शिजवत नाही. अशा पातेल्यातल्या आमटीची चव घरातल्या नव्या भांड्यांत येत नाही, हे नातवंडेही आता मान्य करतात.

पावसाळ्यात बाजार चिखलात भरतो आणि माझे लक्ष घरच्या डब्याकडे लागते. लेन्स आणि निगेटिव्ह मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक असतो. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा, साठच्या वर गेला की पुड्या तापवून कोरड्या करायच्या. सध्या निगेटिव्हच्या कामासाठी मला त्याच 42 मिलिमीटर मापाच्या एक्स्टेन्शन ट्यूबचा (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ कड्यांचा) संच हवा आहे, म्हणजे लेन्स आणखी जवळ नेता येईल. लेन्सवाल्या दादांना सांगून ठेवले आहे. ते म्हणाले, ‘बुधवारी या मावशी, काढून ठेवतो.’