वय सत्तर, पोट दुखतंय, सोनोग्राफी नॉर्मल

जत-आटपाडीकडून मिरजेच्या कॅज्युअल्टीत पोटदुखीचा म्हातारा पेशंट आला की नातेवाइकांच्या हातात बहुतेक वेळा एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी, ‘गॅस’ म्हणून दिलेलं पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो: आतड्यात गॅस खूप, बाकी नॉर्मल. हा रिपोर्ट वाचून घरचे निवांत होतात, ते समजण्यासारखं आहे. डॉक्टरांनी मात्र निवांत होऊ नये. गॅसच्या मागचं सोनोग्राफीला नीट दिसत नाही आणि सत्तरीपुढचे जीवघेणे आजार बऱ्याचदा तिथंच असतात. आतड्याच्या धमनीत अडकलेली गुठळी, फुगलेली महाधमनी, फुटलेला अल्सर, पीळ बसलेलं आतडं ही त्यातली काही नावं.

या वयात पोट हाताला मऊ लागलं म्हणजे आत सगळं ठीक, असं धरता येत नाही. पोटाचे स्नायू झिजलेले असतात, त्यामुळे आत पू झाला तरी पोट लाकडासारखं कडक होईलच असं नाही. अनेकदा ताप येत नाही, पांढऱ्या पेशीही वाढत नाहीत. बीपीसाठी नाडी मंदावणारं मेटोप्रोलॉल चालू असेल तर नाडी ७२ च दिसते. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी अल्सर करते आणि वर त्याचं दुखणंही दाबते. म्हणून ‘रोज कुठल्या गोळ्या घेता’ एवढं विचारून थांबू नये, पाकिटंच मागवून बघावीत.

सीटीला पाठवण्याआधी चार गोष्टी पलंगावरच होतात. पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी, कारण हृदयाच्या खालच्या भागाचा झटका वरच्या पोटात दुखून येतो. ओटीपोट फुगलंय का ते बघावं, लघवी तुंबली असेल तर कॅथेटर (लघवीची नळी) टाकताच दुखणं उतरतं. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर कातडी बघावी; नागिणीचे फोड दुखण्यानंतर दोन-तीन दिवसांनी उठतात. आणि जांघा तपासाव्यात. सर्वांत जास्त राहून जातं ते हेच. नऊवारी नेसलेल्या आजींना काष्टा सोडायला लावणं अवघड वाटतं, म्हणून वरूनच हात फिरवला जातो. पडदा ओढा, सिस्टरला सोबत घ्या, आजींना कारण सांगा आणि जांघेच्या घडीखाली बोटानं चाचपा. सडपातळ म्हातारीच्या मांडीच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ, सोबत उलट्या, म्हणजे अडकलेला हर्निया.

आता सीटी. खरा घोटाळा ‘साधा सीटी काढून घ्या’ या वाक्यात आहे. मुतखडा साध्या, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उजळ दाखवणारं औषध) न देता काढलेल्या सीटीत उत्तम दिसतो, फुटलेल्या महाधमनीबाहेरचं रक्तही बहुतेकदा दिसतं. पण आतड्याला रक्त पोचतंय का, हे कॉन्ट्रास्टशिवाय कळत नाही. नाडी अनियमित, दुखणं असह्य आणि पोट मात्र मऊ असेल तर गुठळीचाच संशय धरावा आणि सीटी अँजिओ, म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला रक्तवाहिन्यांचा सीटी, मागावा. लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) सुरुवातीला नॉर्मल असू शकतं, त्यावर विसंबू नये.

कॉन्ट्रास्टची भीती क्रिएटिनिनमुळे (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) असते, आणि ती अगदीच निराधार नाही. ७८ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ आलं तर कागदावर ठीक दिसतं. वय आणि वजन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रानं मात्र किडनीची क्षमता मिनिटाला जेमतेम ३० एमएल निघते. तरीही आतडं मरत असल्याचा संशय असेल तर रिपोर्टसाठी थांबू नये. आतडं काही तासांत काळं पडतं, किडनीला सलाईन देऊन सांभाळता येतं. क्षमता ३० च्या खाली असेल तर मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बंद करून ४८ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा बघावं.

तांत्रिक बाजू छोटी, पण स्कॅन वाया जातो तो इथंच. हाताच्या पाठीवरच्या २२ नंबरच्या बारीक सुईतून वेगानं कॉन्ट्रास्ट ढकलायला गेलं की नाजूक शीर फुटते आणि औषध कातडीखाली साचतं. कोपराच्या खोबणीत १८ किंवा २० नंबरचा जाड कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) हवा. अँजिओसाठी सेकंदाला ४ एमएलच्या आसपास वेग, धमन्यांचा फेज (औषध धमन्यांत असतानाचा स्कॅन) आणि साधारण ७० व्या सेकंदाला शिरांचा, असे दोन्ही घ्यावेत. तोंडावाटे कॉन्ट्रास्ट पाजण्यात दीड-दोन तास जातात; इमर्जन्सीत सहसा गरज नसते. छिद्राचा संशय असेल तर लिव्हरसमोरचे हवेचे बारीक बुडबुडे लंग विंडोवर (फुप्फुसासाठीची, हवा स्पष्ट दाखवणारी स्क्रीनची सेटिंग) शोधावेत, नेहमीच्या विंडोवर ते चरबीत मिसळून जातात.

फॉर्मवर नुसतं ‘पोटदुखी’ लिहून रेडिओलॉजिस्टच्या हाती काहीच लागत नाही. दुखणं कधीपासून, आधीची ऑपरेशनं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, नाडी, क्रिएटिनिन आणि नेमका संशय लिहावा. साठीनंतर पहिल्यांदाच आलेला डाव्या कुशीतला ‘मुतखडा’ असेल तर महाधमनीचा व्यास मुद्दाम विचारावा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त म्हणजे ती फुगलेली आहे. बीपी कोसळत असलेल्या पेशंटला मात्र मशीनकडे नेऊच नये. पलंगावरच सोनोग्राफीनं महाधमनी बघावी आणि सर्जनला बोलवावं.

दुखणं थांबवायचं इंजेक्शन आधीच द्यावं, त्यानं निदान लपत नाही. वेदनेनं तळमळणाऱ्या आजोबांना स्कॅन होईपर्यंत तसंच ठेवणं क्रूर आहे, आणि हलल्यामुळे स्कॅनही धूसर येतो.

सीटी नॉर्मल आला आणि दुखणं तसंच असेल तर रात्री घरी पाठवू नये. चार ते सहा तासांनी त्याच डॉक्टरांनी पोट पुन्हा तपासावं, लॅक्टेट पुन्हा काढावं. पित्ताशयातले बरेच खडे सीटीत दिसत नाहीत. उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर तिथं परत सोनोग्राफीच करावी.