आयपॉड रिस्टोअर करताय? आधी डिस्क तपासा

जुना आयपॉड सुरू होताना सफरचंदाच्या चिन्हावर अडकला, की बहुतेक जण थेट आयट्यून्समधलं रिस्टोअरचं बटण दाबतात. तसं करू नका. रिस्टोअरने फर्मवेअर (आयपॉड चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) नव्याने लिहिलं जातं आणि गाणी पुसली जातात, पण मरायला टेकलेली हार्ड डिस्क त्याने सुधारत नाही. उलट तेवढ्या लिखाणात ती कायमची बसू शकते.

हे सगळं आहे २००५-०६ च्या व्हिडिओ आयपॉडबद्दल (मागे छापलेला मॉडेल नंबर ए११३६) आणि २००७ पासूनच्या क्लासिकबद्दल (ए१२३८). दोन्हींत १.८ इंची फिरती डिस्क असते. तिच्यावर दोन भाग असतात: पहिला छोटा फर्मवेअरचा, दुसरा गाण्यांचा. डिस्क मोड (आयपॉड कॉम्प्युटरला साध्या ड्राइव्हसारखा दिसतो ती अवस्था) मात्र या डिस्कवर नसतो, तो बोर्डावरच्या चिपमध्ये असतो. म्हणून डिस्क पूर्ण कोरी झाली तरी आयपॉड डिस्क मोडमध्ये येतो. ‘फर्मवेअर उडालं, आता फेकून द्या’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

पहिली पायरी तपासणीची. होल्डचं बटण एकदा सरकवून परत आणा. मेनू आणि मधलं बटण सहा ते आठ सेकंद धरा. सफरचंद दिसताक्षणी सोडून मधलं आणि मागे जाण्याचं बटण धरा. निदानाचा मेनू येईल. इथे चाक फिरवून काही होत नाही, पुढे-मागेच्या बटणांनीच सरकायचं. मॅन्युअल टेस्ट, आयओ, हार्ड ड्राइव्ह असं आत गेलात की स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, दिसतो. त्यातले ‘रिअ‍ॅलॉक्स’ आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ हे दोन आकडे बघा: पहिला बदलून टाकलेल्या खराब जागांचा, दुसरा संशयास्पद जागांचा. दोन्ही शून्य असतील तर उत्तम. पेंडिंग शेकड्यांत असेल किंवा डिस्क टिक-टिक करत थांबत असेल, तर रिस्टोअरच्या नादी लागू नका, डिस्कच बदला.

आकडे ठीक असतील तर आधी गाणी काढून घ्या. पुन्हा मेनू आणि मधलं बटण धरा, आणि सफरचंद दिसलं की या वेळी मधलं आणि प्ले धरा. हा झाला डिस्क मोड. आयपॉड कॉम्प्युटरला जोडा, लपलेल्या फाइली दिसतील अशी सेटिंग करा आणि ‘आयपॉड_कंट्रोल’मधलं ‘म्युझिक’ फोल्डर उचलून घ्या. आत एफ००, एफ०१ असे कप्पे असतील आणि गाण्यांची नावं चार अक्षरांची, निरर्थक असतील. घाबरू नका, खरी नावं फाइलींच्या टॅगमध्ये असतात. दुसरीकडे लायब्ररीत टाकलीत की ती दिसतात.

आता रिस्टोअर. बॅटरी चांगली चार्ज करून घ्या आणि केबल कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा. विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करा’ म्हणेल, तिथे रद्दच करा. आयट्यून्समध्ये रिस्टोअर दाबलं की बाकीचं तोच करतो. फर्मवेअरची फाइल आधीच उतरवलेली असेल तर शिफ्ट धरून रिस्टोअर दाबा (मॅकवर ऑप्शन) आणि ती निवडा. व्हिडिओ आयपॉडची शेवटची आवृत्ती १.३, आणि २००७ च्या क्लासिकची १.१.२. शक्यतो विंडोजवरच रिस्टोअर करा. मॅकवर केलं तर डिस्क मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट होते आणि विंडोजला वाचता येत नाही. विंडोजवर केलेली मात्र दोन्हीकडे चालते.

१४३९ सारखा एरर आला तर आधी केबल बदला, मग यूएसबी ३ सोडून २ चा पोर्ट वापरून बघा. तरीही नाही जमलं, तर विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये (कमांड लिहून डिस्क हाताळायचं साधन) ‘लिस्ट डिस्क’, ‘सिलेक्ट डिस्क’ आणि मग ‘क्लीन’. डिस्कचा क्रमांक आकारावरून दोनदा पडताळा, कारण क्लीन विचारत बसत नाही. चुकीचा क्रमांक दिलात तर कॉम्प्युटरमधलाच डेटा गेला. क्लीननंतर पुन्हा डिस्क मोड आणि पुन्हा रिस्टोअर.

एवढ्यावरही अडलं, तर डिस्कची रिबन (चपटी केबल) सैल असू शकते. व्हिडिओ आयपॉड त्या मानाने सहज उघडतो, क्लासिकचं पुढचं झाकणही धातूचं असल्याने तो फार हट्टी. उघडताना दोन्ही भाग झटकन वेगळे करू नका: हेडफोनच्या जॅकची रिबन आखूड असते आणि ताण पडला की फाटते. डिस्कच्या रिबनची काळी पट्टी नखाने हलकेच उभी करा, रिबन सरळ आत सरकवा, पट्टी पुन्हा आडवी दाबा. रिबन एका बाजूने किंचित जरी तिरकी राहिली तरी डिस्क ओळखली जात नाही.

व्हिडिओ आयपॉडवर रॉकबॉक्स (मूळ फर्मवेअरऐवजी चालणारं मोफत सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर रिस्टोअरने त्याचा बूटलोडर (ते सुरू करणारा छोटा प्रोग्राम) जातो, कारण तो फर्मवेअरच्याच भागात असतो. तो नंतर परत टाकावा लागतो.

रिस्टोअर झाल्यावर सगळी लायब्ररी एका दमात ओतू नका. आधी शे-दोनशे गाणी टाका, नीट वाजतात का ऐका, आणि पुन्हा स्मार्ट डेटा उघडून पेंडिंगचा आकडा बघा. तो वाढला नसेल तरच बाकीची गाणी चढवा.