डेंगळा

टोपलीच्या तळाशी राहिलेल्या कांद्याला कोंब फुटला की आमच्या घरी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, चिरून पोह्यांत टाका. दुसऱ्या पक्षात मी एकटीच. मी तो उचलून गच्चीत नेते. परवा दुपारी तेच झालं. दिवाळी उलटली की जुन्या उन्हाळ कांद्याला दम निघत नाही, कांदा साठवायच्या चाळीत असो की टोपलीत. कुंडीत बोटभर खड्डा, कांदा निम्मा आत, निम्मा वर. झाली लागवड.

यातून कांदा मिळत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पुन्हा लावलेला कांदा साठवलेलं सगळं उधळतो, तीन-चार कोंब काढतो, पात देतो, डेंगळे म्हणजे फुलांचे दांडे देतो आणि मोकळा होतो. खरा कांदा हवा तर उळं म्हणजे कांद्याचं बी आणा, रोप टाका, दीड-दोन महिन्यांनी ते लावा आणि पुढे तीन-साडेतीन महिने वाट बघा. एवढं करून कुंडीतून निघते गोल्टी, म्हणजे बारका कांदा, एका भेळेपुरती. वर लोक म्हणतात, घरच्या कांद्याची चवच न्यारी. मला नाही बाई कळत. लासलगावच्या कांद्याने काय घोडं मारलंय?

आमचा आजोळचा कांदा चांदवडकडचा. पौषातल्या थंडीत लावणी चालायची. वाफ्यात पाणी सोडलेलं, बायका चिखलात उकिडव्या बसलेल्या आणि रोपांच्या जुड्या पोचवायचं काम आम्हा पोरांकडे. मामीचा अंगठा मशीनसारखा चाले. रोप धरलं, दाबलं, चार बोटं सरकली, पुढचं. मधेच हौस म्हणून मीही बसायचे. मग बांधावरून मामा ओरडायचे, "अगं, खोल गाडू नको! वर राहू दे त्याला. पोसायला जागा नको का?" कांदा मातीत होतो असं शाळेत शिकले होते. तो मातीवर बसून फुगतो, खाली नुसत्या मुळ्या असतात, हे त्या वाफ्यात कळलं.

डेंगळ्यांवर मामांचा भारी राग. थंडी लांबली, रोप जून झालेलं असलं की पिकात डेंगळे फार. असल्या कांद्यात मधोमध दांडा होतो, तो टिकत नाही, बाजारात त्याला कुणी विचारत नाही. मामा सऱ्यांतून फिरत डेंगळे मोडत जायचे, टक्‌ टक्‌ आवाज यायचा. कोवळे असतील ते आई ओच्यात घ्यायची आणि रात्री पीठ पेरून भाजी. ती भाजी मी अजून करते, पण कुंडीतल्या डेंगळ्याला हात लावत नाही. तो पोकळ दांडा मधेच थोडा फुगतो, टोकाला कागदासारख्या पापुद्र्यात गुंडाळलेली बोंडी. एके सकाळी पापुद्रा तडकतो आणि आतून ठिपक्याएवढ्या पांढऱ्या फुलांचा अख्खा चेंडू. सगळी फुलं एकदम उमलत नाहीत, त्यामुळे मधमाश्यांची ये-जा पुढे कितीतरी दिवस चालते. चौथ्या मजल्यावर त्यांना पत्ता कोण देतं कोण जाणे. शेजारच्या काकू दरवर्षी हळहळतात, "फूल आलं गं, वाया गेला कांदा." मी बरं म्हणते.

आजी चातुर्मासात कांदा खायची नाही. कांदेनवमीला घरभर भजी तळून झाली की तिच्यापुरता तो विषय बंद, थेट चंपाषष्ठीच्या भरतापर्यंत. पण चाळ होती घराला लागूनच, आणि पावसाळी हवेत सडका कांदा वासावरून नेमका तिलाच सापडायचा. "त्या कोपऱ्यात बघ रे," म्हणायची, मामा हात घालायचे आणि पाणी सुटलेला एखादा निघायचाच. चार महिने जिभेवर कांदा नाही आणि नाकात दुसरं काही नाही, असा तिचा उपास.

आता ती चाळ नाही. एका साली भाव इतका पडला की काढणीची मजुरीही निघेना. माना पडलेल्या उभ्या पिकात मामांनी रोटाव्हेटर घातला. मामी दोन दिवस शेताकडे फिरकली नाही. मग त्यांनी मका धरला, कांदा सोडलाच.

परवा कुंडीचं काम आटोपून मामांना फोन केला. म्हटलं, "मामा, गच्चीत कांदा लावलाय." ते जरा वेळ काही बोलले नाहीत.

"लाव," म्हणाले. "तुला कुठं विकायचाय."