पखवाज आधी, तलवार मागाहून

मागच्या जत्रेत आमच्या देवळातला दशावतार मी पहिल्यांदाच तीन कॅमेऱ्यांवर लाइव्ह केला. कुडाळ तालुक्यातली आमची वाडी. ज्यांना रजा मिळत नाही ते चाकरमानी रात्रभर यूट्यूबवर बसतात. रात्री दीडला लढाई लागली आणि पाचव्या मिनिटाला डोंबिवलीहून काकांचा फोन.

"अरे, तुझो राक्षस आदी बोंबलता आणि मगे मार खाता. असा कसा?"

मी कानाला हेडफोन लावून मिक्सरचा आवाज ऐकत होतो, तो झकास होता. चित्रही झकास होतं. दोघांची गाठ तेवढी पडत नव्हती.

मांडणी अशी होती. हातातला कॅमेरा एचडीएमआय तारेने कॅप्चर कार्डात (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारी डबी). दुसरा, मंडपाच्या छताला देवस्थानने लावलेला सीसीटीव्ही कॅमेरा, त्यातून अख्खा रंगमंच दिसतो. तिसरा भाच्याचा फोन, रंगपटात, म्हणजे नट रंग लावतात तिथे. आवाज मिक्सरमधून थेट लॅपटॉपला. तिथे ओबीएस, हे सगळं एकत्र करून यूट्यूबवर पाठवणारं सॉफ्टवेअर.

खरं तर आधी मी एनडीआयच्या, म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवायच्या पद्धतीच्या, नादी लागलो होतो. न्यूटेक कंपनीने २०१५ मध्ये आणलेली ही पद्धत घरी दोन लॅपटॉपमध्ये जादूसारखी चालली, सोर्सचं नाव आपोआप यादीत आलं. (ओबीएसमधल्या प्लगिनचं नाव २०२४ पासून डिस्ट्रोएव्ही आहे, जुन्या नावाने शोधत बसू नका.) देवळात यादी रिकामी. विंडोजने तिथलं नवं नेटवर्क 'पब्लिक' धरलं होतं आणि फायरवॉल दार अडवून बसली होती. 'प्रायव्हेट' केल्यावर चित्र आलं, पण अडखळत. फुल एचडी, साठ फ्रेमच्या एनडीआयला सेकंदाला सव्वाशे मेगाबिटच्या आसपास लागतात आणि देवळातला नेटवर्क स्विच होता शंभराचा. तिथेच तो नाद सोडला आणि कॅमेरा सरळ कॅप्चर कार्डाला जोडला.

छताचा कॅमेरा आरटीएसपीवर, ही सीसीटीव्हीचं चित्र नेटवर्कवरून मागवायची पद्धत. ओबीएसमध्ये मीडिया सोर्स घ्यायचा, 'लोकल फाइल'ची खूण काढायची आणि कॅमेऱ्याचा पत्ता टाकायचा. एवढ्याला माझी एक संध्याकाळ गेली, कारण पत्त्यातल्या पासवर्डमध्ये ॲटचं चिन्ह (@) होतं. पत्त्यात त्या चिन्हाच्या पुढे आयपी येतो, त्यामुळे सॉफ्टवेअर पासवर्डच्या शेपटीलाच कॅमेऱ्याचं घर समजत होतं. त्या चिन्हाच्या जागी %४० लिहायचं (आकडे अर्थातच इंग्रजीत), की झालं. पत्ता आधी व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून बघा. तिथे चित्र नसेल तर ओबीएसला शिव्या देऊन उपयोग नाही. ओबीएसमधल्या एफएफएमपेगच्या पर्यायात वाहतूक टीसीपीवर (वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवणारी) बांधली, कारण यूडीपीवर (हरवलं ते हरवलं) राजाच्या अंगरख्याचे हिरवे-राखाडी चौकोन होत होते. आणि 'इनॲक्टिव्ह असताना फाइल बंद करा' ही खूण काढून टाकली. ती असली की दर वेळी त्या सीनवर जाताना कॅमेरा नव्याने जोडला जातो आणि दोन-तीन सेकंद नुसता काळोख.

आता काकांच्या तक्रारीकडे. नेटवर्कवरून येणारं चित्र उशिराच येणार. कॅमेरा ते दाबतो, राउटर पुढे ढकलतो, ओबीएस थोडं साठवून मग उलगडतो. तारेतून येणारा आवाज मात्र लगेच हजर. चित्राला पुढे ओढता येत नाही, म्हणून बाकी सगळ्यांना मागे थांबवायचं.

किती थांबवायचं हे मी दुसऱ्या रात्री खेळाआधी मोजलं. दशावतारात सिंहासन म्हणा, पर्वत म्हणा, सगळं ते एकच लाकडी बाकडं. त्यावर फोनमधलं स्टॉपवॉच चालू करून ठेवलं, दोन्ही कॅमेरे ओबीएसमध्ये शेजारी-शेजारी लावले आणि स्क्रीनशॉट घेतला. कॅप्चर कार्डात १४.८२, छताच्या कॅमेऱ्यात १३.७०. फरक १.१२ सेकंद. कॅप्चर कार्डाच्या सोर्सला 'व्हिडिओ डिले' फिल्टर ११२० मिलिसेकंदांचा. ('रेंडर डिले' घेऊ नका, तो पाचशेपुढे जातच नाही.) मग आवाज. बाकड्यावर हात आपटत, रेकॉर्डिंग बघत सिंक ऑफसेट (आवाज किती थांबवायचा तो आकडा) वाढवत गेलो, १२०० वर थाप आणि हात एकत्र आले. माझं आपटणं बघून पखवाजवाले हसत म्हणाले, "तू रव, मी देतंय," आणि त्यांनीच चार थापा दिल्या.

मध्येच लाइट गेली. राउटर पुन्हा उठला तो कॅमेऱ्याला नवा आयपी देऊनच. तेव्हापासून कॅमेऱ्याचा आयपी राउटरमध्ये बांधून ठेवलाय. पण कॅमेरा पुन्हा जोडला गेला की उशीरही थोडा बदलतो, त्यामुळे ते ११२० कायमचे नाहीत. बाकडं पुन्हा आपटावंच लागतं.

भाच्याचा फोन एसआरटीवर, नेटवर्कवरून चित्र पाठवायची आणखी एक पद्धत. ओबीएस 'लिसनर' (वाट बघणारा), फोन 'कॉलर' (जोडणी करणारा). इथली गंमत म्हणजे फोनच्या ॲपमध्ये लेटन्सी (उशिराची मुभा) मिलिसेकंदांत आणि ओबीएसच्या पत्त्यात मायक्रोसेकंदांत. मी पत्त्यात ३०० लिहून निश्चिंत होतो, म्हणजे एका मिलिसेकंदाचा तिसरा हिस्साही नाही! लिहायचे होते ३,००,०००. तेवढं केल्यावर रंगपटातलं चित्र फाटायचं थांबलं. तिथला आवाज मी बंदच ठेवतो. तोंडाला रंग लावताना मंडळी काय बोलतील ते चाकरमान्यांच्या घरच्यांनी ऐकायलाच हवं असं नाही.

दुसऱ्या रात्री लढाईला तलवार आणि थाप एका ठोक्यावर पडली. मी फोनकडे बघत बसलो. फोन आला तो सकाळी, दहीकाला झाल्यावर.

"मेल्या, माका झोप लागली. लढाई झाली काय?"