प्रयोग ओळखायचा तर शब्द बदलून बघा

'प्रयोग ओळखा' हा प्रश्न आला की बरीच मुले आधी कर्त्याच्या शेपटाकडे बघतात. 'ने' दिसला की कर्मणी, नाही दिसला की कर्तरी. सोप्या वाक्यांत हे खपून जाते, पण पेपर काढणारे वाक्य निवडतात ते नेमके न खपणारे. क्रियापद कोणाच्या तंत्राने चालते, हे प्रयोगात ठरवायचे असते. त्यामुळे नजर क्रियापदावर हवी.

पहिले काम कर्ता शोधण्याचे. धातूला 'णारा' जोडा आणि 'कोण?' विचारा. 'सुनील आंबा कापतो' यात कापणारा कोण? सुनील. कापले जाते काय? आंबा, म्हणजे ते कर्म. आता कर्ता बदला: 'सुनीता आंबा कापते'. क्रियापद बदलले, म्हणून कर्तरी. 'सुनीलने आंबा कापला' यात सुनीता आणली तरी 'कापला' तसेच राहते. पण आंब्याच्या जागी कैरी ठेवली की 'कापली' होते, म्हणून कर्मणी. 'सुनीलने बोक्याला पकडले' यात सुनीता आणा, मांजरीला आणा, चार मांजरींना आणा, 'पकडले' ढिम्म हलत नाही. क्रियापद तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी राहते. हा भावे.

आता फसवी वाक्ये. 'सुनीलने पत्र लिहिले' हे भावे वाटते, कारण क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी दिसते. पण पत्र हा शब्दच नपुंसकलिंगी आहे. त्याजागी चिठ्ठी ठेवा, 'लिहिली' होईल. कर्मणीच. कर्म नपुंसकलिंगी एकवचनी असेल तेव्हा ही अदलाबदल केल्याशिवाय उत्तर लिहूच नये.

'मी कैरी कापली' यात प्रत्यय दिसत नाही म्हणून कर्तरी लिहिले जाते. मी, आम्ही, तू, तुम्ही यांची प्रथमेची आणि तृतीयेची रूपे सारखीच असतात, तिथे ही फसगत होते. 'मी'च्या जागी तृतीयपुरुषी कर्ता आणा: 'त्याने कैरी कापली'. लपलेला 'ने' लगेच उघडा पडतो. याच्या उलट 'ती धडा विसरली', 'तो चहा प्यायला', 'ती गणित शिकली'. भूतकाळ आहे, कर्म आहे, तरी प्रयोग कर्तरी. विसरणे, पिणे, शिकणे अशी मोजकी क्रियापदे वेगळी लक्षात ठेवावी लागतात, त्याला इलाज नाही.

'तू मला वही दिलीस' हे वाक्य तर दोघांचेही ऐकते. 'दिली' वहीमुळे, शेवटचा 'स' तूमुळे. पुस्तक आणले तर 'दिलेस', तुम्ही आणले तर 'दिलीत'. याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात.

आणि 'मला कैरी आवडते'? इथे 'मी' हा कर्ता लिहिणारे पुष्कळ. पारंपरिक व्याकरणात आवडणारी ती कैरी, म्हणून तीच कर्ता आणि प्रयोग कर्तरी. आंबा ठेवला तर 'आवडतो' होते, हा पुरावा.

अलंकारांतही व्याख्या घोकण्यापेक्षा एकच कल्पना फिरवून बघणे जास्त उपयोगी. 'आजीचे हात सायीसारखे मऊ आहेत' यात हात हे उपमेय, साय हे उपमान, मऊपणा हा साधारण धर्म आणि 'सारखे' हा साम्यवाचक शब्द. ही उपमा. 'आजीचे हात म्हणजे जणू सायच' ही उत्प्रेक्षा. 'आजीच्या हातांची साय गालावरून फिरली' हे रूपक, कारण इथे दोन्ही एकच झाले. 'हे हात नव्हेत, ही तर साय' ही अपन्हुती, उपमेय नाकारले म्हणून. 'सायीहूनही मऊ हात' हा व्यतिरेक, उपमेय वरचढ ठरले म्हणून. मात्र 'सारखे' दिसले की उपमा, असे धरून चालू नका. 'ताईसारखी तीही वकील आहे' यात तुलना आहे, अलंकार नाही. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींतले साम्य चमत्कृतीने दाखवले पाहिजे.

वृत्तात चुका होतात त्या बहुधा लघू-गुरूच्या खुणा करताना. ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची 1 मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या 2. अनुस्वार किंवा विसर्ग असलेले अक्षर गुरू. जोडाक्षरामागचे ऱ्हस्व अक्षर त्याच्यावर आघात येत असेल तर गुरू: 'सज्जन'मधला 'स' गुरू, पण 'तुझ्या'मधला 'तु' लघूच. हे डोळ्यांनी कळत नाही, मोठ्याने म्हणावे लागते. गणांसाठी, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या गटांसाठी, 'यमाताराजभानसलगा' पुरते: हवा तो गण जिथे सुरू होतो तिथून तीन अक्षरे घ्या. य गण म्हणजे 'यमाता', लघू-गुरू-गुरू. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' या ओळीचे तुकडे पाडा: मनास, ज्जनाभ, क्तिपंथे, चिजावे. चारही य गण, 12 अक्षरे, 20 मात्रा, म्हणजे भुजंगप्रयात वृत्त. बेरीज 18 किंवा 19 आली, तर 'स'वरची आणि 'भ'वरची खूण आधी तपासा.