नवतपा, अभ्यासिका आणि खिडक्यांच्या वेळा

विदर्भात पर्यावरणपूरक इमारतीचा विषय निघाला की बोलणे विटा, छत आणि सौर पॅनेल यांच्यापाशीच घुटमळते. त्या इमारतीत बसणारी-उठणारी माणसे दार-खिडक्या, पंखे आणि कूलर कसे वापरतात हे कोणी विचारत नाही. आणि विजेचे बिल किती येणार हे, माझ्या मते, बहुतेकदा तिथेच ठरते.

आमच्या गावची अभ्यासिकाच पाहा. तिच्या भिंती रॅट ट्रॅप पद्धतीच्या आहेत, म्हणजे विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडलेली. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी आपल्याकडे रुजवलेल्या या बांधणीत विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे बाहेरची उष्णता आत सावकाश पोहोचते. छताला पांढरा रंग आहे आणि तापलेली हवा निघून जावी म्हणून छताखाली झरोके आहेत. तरीही नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी आत बसवत नाही. सकाळी दहानंतर बाहेर झळा सुरू होतात तेव्हा हवा येण्यासाठी म्हणून खिडक्या सताड उघड्या असतात, आणि भिंतींनी दिवसभर धरून ठेवलेली उष्णता बाहेर सोडण्याची वेळ रात्री येते तेव्हा चोरीच्या धास्तीने सगळे कुलूपबंद असते. झरोक्यांची दोरी केव्हाच तुटली आहे. कवेलूच्या घरांतल्या बायाबापड्या सकाळीच दारे लोटून घेत आणि दिवस मावळल्यावर अंगणात पाणी शिंपडून ती उघडत. हे वेळापत्रक नव्या इमारतीसोबत कोणी दिलेच नाही.

कूलरची गोष्ट याहून बोलकी आहे. पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार होते, म्हणून आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो. मात्र आत आलेल्या ओलसर हवेला बाहेर पडायला वाट लागते. मुले गारवा निघून जाईल या समजुतीने समोरच्या खिडक्या ओढून घेतात. थोड्याच वेळात खोली कोंदते, वह्यांची पाने मऊ पडतात, कपाळावरचा घाम वाळेनासा होतो, सगळे पंखे पूर्ण वेगावर जातात आणि अखेर एसीची मागणी पुढे येते. कूलर साधारण दोनशे वॉट वीज घेतो, तर दीड टनाचा एसी दीड हजारांच्या आसपास. खिडकीची एक फळी उघडी ठेवली असती तर हा प्रश्नच आला नसता.

एसी आला तरी सवयीचा प्रश्न उरतोच. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी मुळात २४ अंशांवर लावून येणे बंधनकारक आहे, कारण तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पण खोली लवकर गार व्हावी म्हणून रिमोटवर १८ दाबणारा हात ही सगळी बचत घालवतो.

यात मुलांना दोष देणे मला मुळीच पटत नाही. रात्री खिडकी उघडी ठेवायची तर तिला मजबूत गज आणि डासांची जाळी हवी, झरोक्याची दोरी जमिनीवरून हाताला लागली पाहिजे, आणि किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला उघडण्या-मिटण्याच्या वेळा समजावून दिलेल्या असल्या पाहिजेत. येत्या ग्रामसभेत एसीच्या अर्जाआधी या तीन गोष्टींचा खर्च मांडला जावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.